डब्बा आपला, चावी त्यांची

मागच्या शनिवार-रविवारी हिंगोलीला घरी जाऊन आलो. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये पाय मुडपून जाण्याचं कारण सांगितलं तर हसाल. केबलचा नवा डब्बा लावून द्यायचा होता.

आधीचा डब्बा पावसाळ्यात गेला. आमच्या गल्लीत लाईट कमी-जास्त होणं ही काही बातमी नाही. पण एका रात्री ती एवढी 'जास्त' झाली की आमचा डब्बा, एक ट्यूबलाईट आणि शेजारच्यांचा फ्रीज एकदमच गेले. आठ-दहा दिवसांनी केबलवाल्या पोराने नवा डब्बा आणून दिला आणि जोडून गेला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "ह्याच्यात बी रेकॉर्डिंग होतंय म्हणला तो. पण मला काई जमंना. तू कव्हा येतूस?"

मी पुण्यात क्लाउड, मायक्रोसर्व्हिस असली भारदस्त नावं घेऊन पगार उचलतो. घरच्यांच्या लेखी मात्र माझी डिग्री कामाला येते ती रिमोट हातात घेतल्यावरच. तुमच्यापैकी बहुतेकांचं हेच असणार. असो.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या जमान्यात टीव्ही रेकॉर्ड कोण करतं? तर माझी आई करते. तिच्या सिरीयल संध्याकाळी सात ते साडेनऊ. नेमकं त्याच वेळेत देवापुढे दिवा, भाकरी, बाबांचं जेवण, उद्याच्या दुधाचं विरजण. टीव्हीचं टाइमटेबल करणाऱ्या माणसाने जन्मात कधी संध्याकाळच्या भाकरी थापल्या नसाव्यात. दुपारी रिपीट लागतं, पण दुपारी लाईटचा भरवसा नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघायला लागली की शेतातून घरी यायचाच भरवसा नसतो. म्हणजे कार्यक्रम तिच्या वेळेला येत नाही आणि त्याच्या वेळेला ती येऊ शकत नाही. ह्याच्यावरचा उपाय म्हणजे रेकॉर्डर. कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत टिवोचा डब्बा १९९९ मध्ये आला, आपल्याकडे डीटीएचवाल्यांनी २००८ मध्ये आणला. केबलच्या डब्ब्यात ती सोय यूएसबीच्या भोकातून आली. पेन ड्राईव्ह खुपसा आणि रेकॉर्ड करा.

ज्यांच्या घरी हे व्हायचंय त्यांच्यासाठी, दोन तास घालवून शिकलेल्या गोष्टी देतो :)

१. पेन ड्राईव्ह कमीत कमी ३२ जीबीचा घ्या. साध्या चॅनेलचा सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी लागतात. म्हणजे ३२ जीबीत वीसेक तास. एचडीचं गणित अर्थातच वेगळं. ड्राईव्ह एफएटी-३२ असेल तर एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, त्यामुळे लांबलचक कार्यक्रमाचे तुकडे पडतात. घाबरू नका.

२. गाइडवर दिसणारी वेळ ही चॅनेलने व्यक्त केलेली इच्छा समजा. शेड्यूल लावताना पाच मिनिटं आधी आणि दहा मिनिटं नंतर धरा. नाहीतर शेवटचा धक्का, ज्याच्यासाठी अख्खा आठवडा पाहिलं, तोच कापला जातो.

३. स्वस्त डब्ब्यात ट्यूनर एकच असतो. एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरा बहुतेक वेळा लागत नाही. क्रिकेट असलेल्या दिवशी घरात ह्यावरून काय होतं ते सांगायला नको.

४. सगळ्यात महत्त्वाचं. रात्री बोर्डावरचं बटण बंद करू नका. आमच्याकडे टीव्ही बंद केला की बोर्डाचं बटण बंद करायचं हा चाळीस वर्षांचा संस्कार आहे. डब्ब्याला लाईटच नाही तर तो रेकॉर्ड कशावर करणार? आईला हे पटवायला मेनू शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

५. मेनू. भाषेच्या पर्यायात इंग्रजी आणि हिंदी. मराठी नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या घरात, मराठी चॅनेलसाठी घेतलेल्या डब्ब्यात, मराठी नाही. मी वहीच्या कागदावर बटणांची चित्रं काढून शेजारी मराठीत लिहून दिलं आणि कागद टीव्हीच्या मागच्या भिंतीला चिकटवला. पंधरा-वीस शब्दांचं भाषांतर असतं हो ते. आपल्यापैकी कोणीही चहा पिता पिता करून देईल.

एवढं झाल्यावर मात्र मजा आली. सातची सिरीयल चालू होती, आत कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, ते दोन रेघांचं बटण दाब. चित्र थांबलं. आई उठली, गॅस बंद केला, हात पुसत आली. चित्र तिथेच. "थांबलंय व्हय माझ्यासाठी?" ती म्हणाली. एवढी वर्षं टीव्हीच्या मागे तीच पळत होती. पहिल्यांदा टीव्ही तिच्यासाठी थांबला. तेव्हा यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. यंत्र झकास आहे. भांडण पुढे आहे.

जेवणं झाल्यावर आईने देवघरातली स्टीलची डबी आणली. त्यात हळदी-कुंकवाच्या पुड्यांबरोबर जुना पेन ड्राईव्ह. "आता मामाचं लाव."

थोडं मागे जावं लागेल. आमच्यापासून जवळच नर्सी, नामदेव महाराजांचं गाव. आषाढी करून पंढरपूरहून परतलेले वारकरी परतवारी एकादशीला तिथे जमतात, प्रचंड गर्दी होते. तीन वर्षांपूर्वी तिथल्या भजनाचं आमच्या केबलच्या लोकल चॅनेलवर प्रक्षेपण झालं होतं. त्यात माझा मामा होता. मामा काही कोणी मोठा गायक वगैरे नव्हे. आयुष्यभर एसटीत कंडक्टर, आणि एकादशीला भजनी मंडळात. पण त्या दिवशी माइक त्याच्यासमोर आला आणि तो बारा-पंधरा मिनिटं असा गायला की आई भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली. योगायोगाने मी घरी होतो, जुन्या डब्ब्यात पेन ड्राईव्ह होता, मी लाल बटण दाबलं. पुढच्याच वर्षी मामा गेला. त्याचे फोटो आहेत, लग्नाच्या अल्बममध्ये आहेत, मोबाईलमध्ये आहेत. आवाज एवढा एकच. आई महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लावायची.

मी पेन ड्राईव्ह नव्या डब्ब्यात लावला. स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न आला. हा ड्राईव्ह ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का? होय, नाही. 'होय' आधीच निवडलेलं होतं.

(ज्याने हे 'होय' आधीपासून निवडून ठेवलं त्याला मी एकदा भेटू इच्छितो. मारणार नाही. फक्त विचारणार आहे.)

पेन ड्राईव्ह काढला, लॅपटॉपला लावला. फाईली होत्या. तारीख बरोबर, साईज बरोबर. पण कुठलाही प्लेअर घेईना. म्हणून हेक्समध्ये उघडून पाहिलं. डिजिटल टीव्हीचा प्रवाह १८८ बाइट्सच्या पाकिटांत येतो आणि प्रत्येक पाकिटाच्या तोंडाशी हेक्स ४७ हा ठराविक बाइट असतो. तो दर १८८ बाइट्सना दिसला की समजायचं, आत चित्र आहे. इथे तसं काहीच दिसेना, नुसता कचरा. कचरा म्हणजे उत्तम प्रतीचं एन्क्रिप्शन. अशा डब्ब्यांत रेकॉर्डिंग करताना फाईलला कुलूप लागतं आणि त्या कुलपाची चावी त्याच डब्ब्याच्या चिपमध्ये असते. डब्बा जळाला, चावी जळाली. पेन ड्राईव्ह शाबूत, फाईल शाबूत, मामा आत, आणि दार कायमचं बंद. अंदाजाने चावी शोधायची म्हटलं तर जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी माझ्या आयुष्यात होणार नाही.

केबलवाल्या पोराला बोलावलं. पोरगं चांगलं आहे, आईला काकू म्हणतं. तो म्हणाला, "दादा, ते वरूनच लॉक असतंय. जुना डब्बा तर रिपेअरला गेला, तिकडं भंगारातच टाकतेत." लोकल चॅनेलवाल्यांकडे गेलो. तेही सज्जन. ते म्हणाले, जागा पुरत नाही, जुनं सगळं उडवावं लागतं. कस्टमर केअरला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकवून एका मुलीने सांगितलं की रेकॉर्डिंगची जबाबदारी कंपनीची नाही. कोणीही खोटं बोललं नाही, कोणीही उद्धट वागलं नाही. आणि तरीही माझ्या मामाचा आवाज गेला.

आता मुद्द्यावर येतो.

माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे: ज्या रेकॉर्डिंगची चावी आपल्याकडे नाही, ते आपलं रेकॉर्डिंग नाही, आणि ते आपलं असल्याचं भासवून डब्बा देणं ही फसवणूक आहे.

हे काही आधीपासून असं नव्हतं. २००५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी इथेच, हिंगोलीत होतो. मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड होतं. ३१ ऑक्टोबरला जयपूरला धोनीने श्रीलंकेची धुलाई करत नाबाद १८३ काढल्या. आम्ही केबलची वायर कार्डात खुपसून शेवटची काही षटकं रेकॉर्ड केली. ती फाईल सीडीवर गेली, सीडीवरून माझ्या पहिल्या लॅपटॉपवर, तिथून हार्ड डिस्कवर. चित्र मुंग्या आल्यासारखं आहे, मध्येच मित्राची आई फराळाला हाक मारतेय असं वाटावं इतका आवाज खराब आहे. पण परवा लावून पाहिली. लागली! वीस वर्षांपूर्वीची धोनीची सिक्सर चालते आणि तीन वर्षांपूर्वीचा मामाचा अभंग चालत नाही. ह्याला म्हणे प्रगती.

त्याच्याही आधीचं घ्या. भाड्याने व्हीसीआर आणून गल्लीने एकत्र पिक्चर पाहिल्याच्या गोष्टी तुमच्या घरीही ऐकल्या असतील. कॅसेट एका व्हीसीआरमध्ये भरायची आणि दुसऱ्यात लावायची. दुकानदार बदलला, कंपनी बदलली, गाव बदललं तरी कॅसेट चालायची. यंत्र मेलं म्हणून कॅसेट मेली असं कधी ऐकलंय?

मध्ये काय झालं? कायदा झाला. २०११ मध्ये केबल टीव्ही कायद्यात दुरुस्ती होऊन डिजिटल आणि एन्क्रिप्टेड प्रसारण सक्तीचं झालं. टप्पे पडले. आधी मोठी महानगरं २०१२ मध्ये, मग पुणे-नागपूरसारखी शहरं २०१३ मध्ये, मग हिंगोलीसारखी नगरपालिकेची गावं, ज्यांची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ठरली आणि पुढे लांबली, आणि शेवटी ३१ मार्च २०१७ पर्यंत खेडी. चित्र स्वच्छ झालं, चॅनेल वाढले, कोणाकडे किती ग्राहक ह्याचा हिशेब लागायला लागला. हे फायदे मी नाकारत नाही. पण लक्षात घ्या, डब्बा आम्ही मागितला नव्हता. तो कायद्याने घरात आला. तो नसता तर टीव्ही काळा पडला असता. आणि तो आला त्या दिवशी ट्यूनर कार्ड मेलं, व्हीसीआर मेला. सक्तीने जे घरात घातलं, त्याने आधी हातात असलेलं काय काढून घेतलं, ह्याचा हिशेब मात्र कोणीच मांडला नाही.

बरं, कायदा रेकॉर्डिंगच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ काढून बघा. स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग म्हणजे प्रसारणकर्त्याच्या वा कलाकाराच्या हक्काचा भंग नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. अमेरिकेत ह्याच प्रश्नावर सोनीच्या बीटामॅक्स यंत्राचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा एका मताने निकाल लागला की घरी नंतर पाहण्यासाठी कार्यक्रम टेप करणं हा गुन्हा नाही. तिकडे हा हक्क भांडून मिळवावा लागला. आपल्याकडे तो कायद्यातच आहे. फक्त डब्ब्यात नाही. संसदेने दिलेला हक्क एका चिपने काढून घेतला, आणि त्या चिपला कोणी निवडून दिलेलं नव्हतं.

आता समोरच्यांचे मुद्दे. मी हे तीन मित्रांशी चहावर बोललो आणि तिघांनी तीन आक्षेप घेतले.

पहिला म्हणाला, "कुलूप नसेल तर पायरसी होईल." अरे बाबा, नवीन पिक्चर रिलीज झाल्यावर काही तासांत इंटरनेटवर येतो, तो हिंगोलीतल्या काकूंच्या पेन ड्राईव्हवरून येतो का? ज्याला चोरी करायची आहे त्याला तुमचं कुलूप कधीच आडवं आलेलं नाही. आडवं येतं ते फक्त ज्याने महिन्याचं रिचार्ज इमानेइतबारे भरलंय त्याला. आणि सशुल्क चॅनेलला कुलूप लावा की, निदान वाद तरी घालता येईल. पण दूरदर्शन? ते तर सार्वजनिक पैशावर चालतं. आणि लोकल चॅनेलवरचं गावचं भजन? त्याची पायरसी झाली तर मंडळ पेढे वाटेल.

दुसरा म्हणाला, "आता सगळं ओटीटीवर आणि यूट्यूबवर असतं." सगळं म्हणजे काय? ज्याच्यातून कोणाला तरी पैसे मिळतात ते. ते सुद्धा करार संपेपर्यंत. मामाचा अभंग कुठल्या ओटीटीवर आहे? लोकल चॅनेलवर गावचं भजन दिसतं, जत्रा दिसते, शाळेचं गॅदरिंग दिसतं. हे सगळं एकदा दिसतं आणि जातं. ते जपणारा शेवटचा माणूस म्हणजे घरात बसून लाल बटण दाबणारा. आणि हे केवळ हिंगोलीचं नाही बरं. बीबीसीसारख्या संस्थेने साठ-सत्तरच्या दशकांत टेप पुसून पुन्हा वापरल्या आणि 'डॉक्टर हू' ह्या मालिकेचे कितीतरी भाग गेले. त्यांचा निदान आवाज आज ऐकायला मिळतो, कारण काही प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवला होता. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स ह्या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मरेपर्यंत घरी टीव्हीच्या बातम्या टेप केल्या. सुमारे ७०,००० कॅसेट. लोकांनी वेड्यात काढलं. आज तो संग्रह इंटरनेट आर्काइव्हकडे आहे. आता कल्पना करा, बाईंचा व्हीसीआर दर पाच वर्षांनी जळाला असता आणि आधीच्या कॅसेट त्याच्याबरोबर मुक्या झाल्या असत्या. काय उरलं असतं?

तिसरा आक्षेप सगळ्यात लबाड. "अरे, किती लोकांना फरक पडतो?" किती लोकांना पडतो ते त्यांचा डब्बा जळेपर्यंत कळत नाही, हीच तर गोम आहे. रेकॉर्डिंग चालू आहे तोवर सगळं आपलं वाटतं. डब्ब्याच्या खोक्यावर 'तुमचे आवडते कार्यक्रम जपून ठेवा' अशा थाटात लिहिलेलं असतं. 'हा डब्बा जिवंत असेपर्यंत' हे कुठेच नसतं. विडी-सिगारेटच्या पाकिटावर सुद्धा इशारा असतो राव.

ह्या सगळ्यात एक गंमत आहे, ती आमच्याच जिल्ह्यातली. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा व्हायची आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि काम काय, तर अब्जावधी वर्षांपूर्वी कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याची थरथर टिपायची. म्हणजे थोडक्यात रेकॉर्डरच. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला अशी पहिली थरथर पकडली, आणि तो डेटा आज इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे. मी तो ह्याच लॅपटॉपवर उतरवून ग्राफ काढलाय, तुम्हीही काढू शकता. म्हणजे एक अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी झालेल्या टकरीचं रेकॉर्डिंग हिंगोलीत बसून मला उघडता येतं. आणि नर्सीला, घरापासून काही कोसांवर, माझ्या मामाने म्हटलेला अभंग नाही उघडता येत. अडचण तंत्रज्ञानाची नाही, हे ह्याहून स्पष्ट काय सांगू? कोणीतरी दार उघडं ठेवायचं ठरवलं, कोणीतरी बंद ठेवायचं ठरवलं. एवढाच फरक.

मागण्या फार नाहीत. दूरदर्शन, फुकट चॅनेल आणि लोकल चॅनेल ह्यांचं रेकॉर्डिंग कुलूप न लावता, कुठेही चालेल अशा फाईलमध्ये व्हावं. सशुल्क चॅनेलचं कुलूप डब्ब्याला नाही, ग्राहकाच्या खात्याला बांधावं. डब्बा बदलला तरी नंबर तोच, तर चावीही तीच. डब्बा बदलून देताना 'आधीचं रेकॉर्डिंग जाईल' हे मराठीत, तोंडी आणि लेखी सांगावं. आणि मेनूत मराठी असावं, ह्याला तर चर्चाच नको. हे अशक्य नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने चॅनेल निवडण्याचा हक्क दिला, तेव्हाही अशक्य म्हणून ओरड झालीच होती. एका कंपनीचा डब्बा दुसरीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. डीटीएचच्या बाबतीत तर हा विचार २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच होता. एवढ्या वर्षांनी आमच्या घरचा डब्बा मात्र शेजारच्या कंपनीच्या वायरवर आजही चालत नाही. शिफारशीत रेकॉर्डिंगचाही विचार व्हावा आणि शिफारशीचा नियम व्हावा, एवढं आपण मागू शकतो.

आणि शेवटचा मुद्दा, जो बोचणार आहे. हे कुलूप कोणी लिहिलं? कुठल्या राक्षसाने नाही. बाणेर, हिंजवडी किंवा बेंगळुरूच्या एखाद्या ऑफिसात, तुमच्या-माझ्यासारख्याच कोणीतरी. स्प्रिंटमध्ये एक तिकीट आलं असेल. 'जुना ड्राईव्ह ओळखता आला नाही तर फॉरमॅटचा प्रश्न दाखवा.' अंदाज लावला, दोन पॉइंट. टेस्टरने पास केलं, शुक्रवारी रिलीज झालं, लोक पिझ्झा खायला गेले. कोणीही विचारलं नाही की त्या जुन्या ड्राईव्हवर काय असू शकतं. मी सुद्धा विचारलं नसतं. मी अशी तिकिटं आयुष्यात कितीतरी बंद केली आहेत, आणि 'ग्राहकाचा डेटा' हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरला आहे. तो डेटा देवघरातल्या डबीत असतो हे मला परवा कळलं. पुढच्या वेळी असलं तिकीट आलं की मीटिंगमध्ये हात वर करा. फार काही नाही, एक प्रश्न विचारा. "यंत्र मेलं तर माणसाचं काय उरतं?" मॅनेजर वैतागेल. वैतागू द्या.

तोवर एक गावठी उपाय. डब्ब्यावरचं काही जिवापाड जपायचं असेल तर आजच्या आज टीव्हीसमोर मोबाईल धरा आणि शूट करून घ्या. पंखा बंद करा, घरच्यांना गप्प बसवा. चित्र हलेल, कडा वाकड्या येतील, चालेल. ती फाईल तुमची असेल. २०११ च्या कायद्यानंतर, एवढ्या चिपा आणि एवढे सॅटेलाइट झाल्यावर, भरवशाचा उपाय म्हणजे हा. लाज आम्हाला वाटायची की त्यांना, ते तुम्हीच ठरवा.

आईला मी सगळं समजावून सांगितलं. चिप, चावी, एन्क्रिप्शन. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आत हाय, पण निघत नाही." हो, म्हटलं. तिने पेन ड्राईव्ह घेतला, पदराला पुसला आणि डबीत ठेवून दिला. "राहू दे मग. फॉरमॅट नको करूस."

दुसऱ्या दिवशी बाजारातून ३२ जीबीचा नवीन आणून लावून दिला. सिरीयल व्यवस्थित रेकॉर्ड होतायत, काल फोनवर सांगत होती. आता बोर्डाचं बटणही बंद करत नाही.